नाकाची कॉस्मेटिक सर्जरी: पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न आणि जे विचारायला लाजतात तेही

डॉक्टरांना भेटायच्या आधी आणि नंतर पेशंटशी सविस्तर बोलायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे खरे प्रश्न बहुतेक वेळा दाराशी, निघता निघता, हळू आवाजात विचारले जातात हे माहितीये. ते सगळे इथे एकत्र लिहितेय. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, नाकाच्या बाबतीत घाई सगळ्यात जास्त नडते, ठरवण्याची घाई, रिझल्ट बघण्याची घाई आणि पुन्हा ऑपरेशन करून घेण्याची घाई.

ऱ्हायनोप्लास्टीत, म्हणजे नाकाच्या या सर्जरीत नक्की करतात काय? नाक कापून टाकतात का?

नाही. नाकाचा वरचा भाग हाडाचा असतो आणि मधला-खालचा कार्टिलेजचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जसं लवचिक असतं तसं. वरची त्वचा तशीच ठेवून ती आतून सैल करतात आणि खालच्या सांगाड्यावर काम करतात. उंचवटा असेल तर तासतात, हाड रुंद किंवा वाकडं असेल तर ठरवून ठराविक जागी कापून जवळ आणतात, टोक जाड असेल तर तिथलं कार्टिलेज टाके घालून बारीक करतात, बसकं असेल तर भर घालतात. मग त्वचा परत सांगाड्यावर बसवतात आणि ती नव्या आकाराला हळूहळू चिकटते, या हळूहळू शब्दावर पुढे बरंच लिहिलंय.

ही नवीन फॅशन आहे का?

अजिबात नाही. कापलं गेलेलं नाक त्वचेचा तुकडा वळवून परत बनवण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत आहे. फक्त दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीबद्दल म्हणाल तर अमेरिकेत जॉन ऑर्लांडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून ऑपरेशन करून टोकाचा आकार सुधारल्याचं लिहून ठेवलंय, आणि बर्लिनमध्ये जॅक जोसेफ यांनी १८९८ मध्ये एका तरुणाचं मोठं नाक लहान केलं, नाकाच्या लाजेने तो लोकांत जायचं टाळायचा. म्हणजे नाकामुळे माणूस खजील होतो हे दुःखसुद्धा जुनंच आहे, त्यात तुम्ही वेगळे किंवा उथळ नाही आहात.

माझं नाक खरंच मोठं आहे की मलाच तसं वाटतं?

आधी सेल्फी बघून ठरवणं बंद करा. फोन चेहऱ्याच्या जवळ असला की जे पुढे आलेलं असतं ते मोठं दिसतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाकच असतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे गणिताने मांडलं होतं, १२ इंचावरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून कोणाला तरी पाचेक फुटांवरून, चांगल्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा आणि मग बघा.

दुसरं म्हणजे हनुवटी. हनुवटी मागे असली की बाजूने बघताना नाक आहे त्यापेक्षा मोठं वाटतं, आणि कधी कधी खरं काम नाकावर कमी आणि हनुवटीवर जास्त असतं. डॉक्टरांनी तुमच्या हनुवटीकडे बघितलं तर नाराज होऊ नका, ते बरोबर तेच बघतायत जे बघायला हवं.

आणि तिसरं, हे जरा नाजूक आहे. दिवसातले कितीतरी तास आरशासमोर जात असतील, जवळच्या कुणालाच जे दिसत नाही त्यावर मन अडकलं असेल, त्यापायी कामावर, कॉलेजला, कार्यक्रमांना जाणं टाळत असाल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, त्यावर चांगले उपचार आहेत आणि या त्रासात नाक बदलून समाधान सहसा मिळत नाही, उलट त्रास वाढू शकतो. हे सांगणारा डॉक्टर तुम्हाला हाकलत नाहीये, तो तुमची काळजी करतोय.

कोणत्या वयात करता येते?

नाकाची वाढ पूर्ण झाल्यावर, मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १७-१८ च्या आसपास. पण वाढ पूर्ण झाली म्हणजे मनाने तयार झालं असं नाही. शाळेत कोणी चिडवतं म्हणून, किंवा जोडीदार सारखं बोलतो म्हणून आलेल्यांना मी नेहमी म्हणते की घरी जा आणि ते लोक आयुष्यात नसते तरी हे करायचं असतं का हे स्वतःला विचारा. वरच्या बाजूला वयाची अशी मर्यादा नाही, तब्येत चांगली हवी एवढंच. गरोदर असाल तर मात्र थांबायचं.

मला अमुक हिरोइनसारखं नाक हवंय, फोटो दाखवू का?

दाखवा ना, तुम्हाला काय आवडतं ते त्यातून कळतं. पण तेच नाक मिळेल असं कोणी म्हणत असेल तर सावध व्हा. तुमची त्वचा, तुमचं हाड, तुमच्या कपाळ-ओठ-हनुवटीचं माप वेगळं आहे. सगळ्यात मोठा फरक त्वचेच्या जाडीचा. पातळ चादरीखाली ठेवलेल्या वस्तूची कड न कड दिसते आणि जाड रजईखाली नुसता उंचवटा दिसतो, तसंच नाकाचं आहे. जाड त्वचेत आतलं टोक कितीही रेखीव केलं तरी बाहेर मऊच दिसतं आणि सूजही जास्त काळ राहते. पातळ त्वचेत रेखीव दिसतं पण जराशी वाकडी कडसुद्धा लपत नाही. दोन्हीत काहीतरी द्यावं लागतं आणि काहीतरी मिळतं.

कॉम्प्युटरवर तुमच्याच फोटोत बदल करून दाखवतात ते बोलणं सोपं व्हावं म्हणून असतं. ती गॅरंटी नसते.

दिसणं सुधारताना श्वास बिघडेल का?

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात आणि मला वाटतं तो पहिला असायला हवा. नाक आधी श्वासासाठी आहे. नाकाच्या मधल्या भागात हवा जायची सगळ्यात अरुंद जागा असते, तिला व्हॉल्व्ह म्हणतात, आणि उंचवटा काढताना किंवा नाक खूप बारीक करताना तिथला आधार गेला तर दिसायला सुंदर पण झोपताना तोंड उघडं, अशी अवस्था होते. म्हणून चांगले सर्जन तिथे कार्टिलेजच्या पट्ट्या बसवून आधार देतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. नाकातला पडदा आधीच वाकडा असेल तर तो त्याच ऑपरेशनमध्ये सरळ करता येतो, म्हणजे काही जणांचा श्वास आधीपेक्षा चांगला होतो.

डॉक्टरांनी नाकाच्या आत टॉर्च टाकून बघितलंच नाही, एका बाजूने श्वास घेऊन दाखवायला सांगितलंच नाही, ऍलर्जीबद्दल विचारलंच नाही, तर तिथून निघा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

ओपन चांगली की क्लोज्ड?

क्लोज्डमध्ये सगळे छेद नाकपुडीच्या आत असतात, बाहेर काही दिसत नाही. ओपनमध्ये दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर एक छोटा छेद जास्त असतो, त्यामुळे सर्जनला सगळं उघड्यावर दिसतं. तो व्रण बहुतेकांचा इतका पुसट होतो की मान वर करून दाखवल्याशिवाय कळत नाही. टोकाचं अवघड काम, वाकडं नाक, दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन, यात बरेच सर्जन ओपन निवडतात. नाकपुड्या अरुंद करायच्या असतील तर त्यांच्या बुडाशी गालाच्या घडीत छोटे छेद येतात. अल्ट्रासोनिक किंवा पिएझो हे शब्द ऐकले असतील तर ते हाड कापायचं यंत्र आहे, उपयोगी आहे, पण यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा.

खूप दुखतं का? भूल कसली देतात?

बहुतेक वेळा पूर्ण भूल. छोटं काम असेल तर जागा बधिर करून आणि झोपेचं औषध देऊनही करतात. वेळ साधारण दीड ते तीन तास, बरगडीतून कार्टिलेज घ्यायचं असेल तर जास्त.

दुखण्याबद्दल लोक येताना जेवढे घाबरलेले असतात तेवढं दुखत नाही असं नंतर बहुतेक जण सांगतात, साध्या गोळीवर भागतं. खरा वैताग येतो तो बंद नाकाचा. सर्दीत नाक चोंदतं तसं, पण शिंकरता येत नाही, तोंडाने श्वास घेऊन ओठ आणि घसा कोरडा पडतो, पहिल्या दोन रात्री झोप तुटक लागते. उशाशी पाणी, ओठांना लावायला काहीतरी आणि सोबत एखादं माणूस एवढं असू द्या.

पॅकिंगची भीती सगळ्यांनाच असते. आता पूर्वीसारखा लांबच लांब कापडी बोळा सगळीकडे घालत नाहीत, काही जण काहीच घालत नाहीत, काही जण मऊ सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवतात. तुमच्या सर्जनची पद्धत आधीच विचारून ठेवा म्हणजे उठल्यावर धक्का बसत नाही.

ऑपरेशनच्या आधी काय काय बंद करायचं?

ऍस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या किंवा जिंकोच्या कॅप्सूल यांनी रक्त जास्त वाहू शकतं म्हणून साधारण एक-दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. पण हृदयासाठी किंवा गुठळी होऊ नये म्हणून गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारूनच. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर तेही सांगा. हर्बल आहे म्हणून सांगायचं राहून जातं, सगळी यादी लिहूनच न्या.

सिगरेट आणि व्हेप दोन्ही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नाकाच्या टोकाच्या त्वचेला रक्त त्याच बारीक वाहिन्यांतून मिळतं, जखम भरत नाही, क्वचित त्वचा काळी पडून मरते. निदान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही तेवढेच दिवस बंद. डॉक्टरांशी याबाबत खोटं बोलू नका, ते रागावणार नाहीत, तारीख पुढे ढकलतील एवढंच.

ऑपरेशननंतर दिवस कसे जातात?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज आणि डोळ्याखालचं काळंनिळं सगळ्यात जास्त असतं, त्या दिवशी आरसा बघून निष्कर्ष काढायचा नाही. साधारण आठवड्याने बाहेरचं स्प्लिंट, म्हणजे नाकावर आधाराला लावलेलं कडक कवच, आणि टाके निघतात. दहा ते चौदा दिवसांत काळंनिळं बऱ्यापैकी जातं, बसून करायचं काम असेल तर बरेच जण याच सुमारास परत जातात.

झोपताना डोकं उंच, पाठीवर. निदान दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. सलाईनचा स्प्रे सांगितल्याप्रमाणे, आतल्या खपल्या नखाने काढायच्या नाहीत, हे सगळे कबूल करतात आणि तरी अर्धे लोक काढतातच. टीशर्ट डोक्यातून घालण्यापेक्षा पुढे बटणं असलेले कपडे बरे. पहिल्या दिवसापासून हळू चालायला हरकत नाही, पण वजन उचलणं, धावणं, खाली वाकून करायची कामं निदान दोन-तीन आठवडे नको आणि जिथे चेहऱ्याला धक्का लागू शकतो असे खेळ काही महिने नको. विमानप्रवास, पोहणं यांची तारीख आपापल्या सर्जनकडून घ्या. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, सुजलेल्या त्वचेवर आणि व्रणावर डाग लवकर पडतो.

मला चष्मा आहे, मग कसं करायचं?

हाडावर काम झालं असेल तर साधारण चार ते सहा आठवडे चष्म्याचं वजन नाकावर द्यायचं नाही. स्प्लिंट असेपर्यंत त्यावर टेकवता येतो, नंतर कपाळाला टेपने लटकवतात किंवा गालावर टेकेल अशी सोय करतात. लेन्स वापरत असाल तर आधीच जास्तीच्या आणून ठेवा, डोळ्यांची सूज उतरली की घालता येतात. नाकात चमकी किंवा रिंग असेल तर ती ऑपरेशनआधी काढायची आणि परत कधी घालायची ते विचारूनच.

स्प्लिंट काढलं आणि मला रडूच आलं, टोक डुकरासारखं वर गेलंय. बिघडलं का?

हा फोन जवळजवळ ठरलेला असतो, आणि करणाऱ्याला वाटतं की आपल्या एकट्याचंच असं झालं. नाही झालेलं. सुरुवातीला टोक जास्त वर, जाड आणि कडक वाटतं, वरचा ओठ ताठ वाटतो, हसू विचित्र येतं, समोरचे वरचे दात आणि नाकाचं टोक बधिर असतं, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजलेली असते. टोक पुढच्या महिन्यांत थोडं खाली येतं. बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत जाते पण टोकाची सगळ्यात शेवटी, खरा आकार यायला वर्ष लागतं, जाड त्वचेत दीड-दोन वर्षंसुद्धा. सकाळी नाक जास्त सुजलेलं आणि संध्याकाळी कमी, हेही चालू राहतं.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत उदास वाटणं, का केलं आपण हे असं वाटणं खूप जणांना होतं. भूल, झोप नाही, चेहरा ओळखीचा वाटत नाही, घरातलं कोणीतरी आधीचंच बरं होतं असं बोलून जातं, मग माणूस खचतो. घरच्यांनो, हे वाचत असाल तर त्या दिवसांत नाकावर मत देऊ नका, जेवण द्या आणि सोबत बसा. उदासी आठवडे उलटूनही जात नसेल तर मात्र डॉक्टरांना सांगा.

आवाज बदलतो का? वास येणं बंद होतं का?

सूज असेपर्यंत आवाज चोंदल्यासारखा येतो आणि वास कमी येतो, हे बहुतेकांचं परत येतं. कायमचा मोठा फरक क्वचित पडतो. गायक असाल किंवा आवाजावर पोट असेल तर मात्र आधीच स्पष्ट सांगा.

ऑपरेशन न करता फिलरने होईल ना? त्यात काही धोका नाही म्हणतात.

फिलर म्हणजे सुईने टोचून आत भर घालणं, त्याने नाक लहान होत नाही. छोटा खड्डा भरून किंवा उंचवट्याच्या वर-खाली भर घालून रेषा सरळ दिसते, आणि हायलुरोनिक ऍसिडचं असेल तर काही महिन्यांनी, साधारण वर्ष-दीड वर्षात विरघळतं.

पण धोका नाही हे चूक आहे. चेहऱ्यावर फिलरसाठी जास्त धोक्याच्या ज्या जागा आहेत त्यात नाक येतं. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही. टोचल्यावर त्वचा पांढरी पडणं, जाळीसारखे डाग, जोरात दुखणं, दिसायला कमी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच मिनिटाला डॉक्टर हवा. म्हणून पार्लरमध्ये, कुणाच्या घरी, स्वस्तात मिळतंय म्हणून नाकात सुई टोचून घेऊ नका, विरघळवायचं औषध आणि ते वापरता येणारा डॉक्टर समोर असेल तिथेच. आधी फिलर घेतलं असेल तर सर्जनला सांगायला विसरू नका.

क्लिपा लावून, मसाज करून, व्यायाम करून मोठ्या माणसाचं नाक बारीक होत नाही. पैसे वाचवा.

बसक्या नाकाला सिलिकॉन बसवतात की स्वतःचंच काहीतरी?

दोन्ही पद्धती आहेत. स्वतःचं कार्टिलेज नाकातल्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतात, त्यात इन्फेक्शनचा धोका कमी, पण बरगडीचं कधी कधी वाकतं आणि छातीवर एक व्रण येतो. सिलिकॉनमध्ये दुसरीकडे कापावं लागत नाही, पण ते वर्षांनंतरसुद्धा सरकू शकतं, इन्फेक्शन होऊ शकतं, पातळ त्वचेतून बाहेर येऊ शकतं.

कधी ताबडतोब फोन करायचा?

पहिले दोन-तीन दिवस गुलाबीसर पाणी झिरपणं चालतं. पण ताजं लाल रक्त थांबतच नसेल, ताप चढत असेल, लाली आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पू येत असेल, दृष्टीत फरक पडला असेल, वाकल्यावर पाण्यासारखं स्वच्छ गळत असेल, छातीत दुखत असेल, पोटरी सुजली असेल, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. नाकात पॅक असताना ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब, चक्कर हे एकत्र आलं तर सरळ हॉस्पिटल. आणि दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च होऊन दुखणं वाढत गेलं तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं, ते लवकर काढलं नाही तर पडद्याचं कार्टिलेज खराब होऊन नाक मधून बसतं.

डॉक्टर कसा निवडायचा?

प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा सर्जन, ज्यांचं नेहमीचं काम नाकाचं आहे असे. डिग्री आणि नोंदणी तपासा, लाजू नका. आधी-नंतरचे फोटो बघताना उजेड आणि कोन दोन्हीत सारखे आहेत का बघा, हसतानाचा फोटो आणि न हसतानाचा फोटो शेजारी लावले की नाक आपोआपच वेगळं दिसतं. महिन्याभराचे नाही, वर्षानंतरचे फोटो मागा, आणि तुमच्यासारखी त्वचा आणि नाक असलेल्यांचे. भूल कोण देणार, ऑपरेशन थिएटरमध्ये इमर्जन्सीची सोय काय, बिघडलं तर पुढचा खर्च कोणाचा, हे विचारा. आजच ऍडव्हान्स भरा, डिस्काउंट उद्या संपतोय, असं कोणी म्हणालं तर उद्या संपू द्या. दोन मतं घेतल्याने कुठलाही चांगला डॉक्टर दुखावत नाही.

मनासारखं झालं नाही तर परत करता येतं का?

येतं, आणि चांगल्या हातातसुद्धा काहींना लागतं, साधारण ५ ते १५ टक्के असा आकडा सहसा दिला जातो. पण निदान एक वर्ष थांबून. सुजलेल्या नाकावर माप घेऊन केलेलं काम सूज उतरल्यावर चुकतं, आणि आत तयार झालेले व्रण मऊ पडायला तेवढा वेळ लागतोच. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, पडद्यातलं कार्टिलेज आधीच वापरलेलं असलं की कान किंवा बरगडी गाठावी लागते. या थांबण्याच्या काळात काहीच करता येत नाही असं नाही, टोकाच्या वरची सूज राहिली असेल तर कधी कधी स्टेरॉइडचं छोटं इंजेक्शन किंवा रात्रीचं टेपिंग सांगतात, त्यासाठी फॉलोअप चुकवू नका, रागावला असाल तरी जा. श्वासच घेता येत नसेल तर वर्षाची वाट न बघता तपासून घ्या. आणि दुसऱ्या सर्जनकडे जाणार असाल तर पहिल्या ऑपरेशनची नोट आणि ऑपरेशनच्या आधीचे फोटो मागून घ्या, ती तुमचीच कागदपत्रं आहेत, कुठून किती कार्टिलेज घेतलं आणि आत काय बसवलं हे त्याच नोटमधून पुढच्या सर्जनला कळतं.